कागदावर 'डाबूल' लिहिलंय, मग गाव कोणतं? चुकलेल्या इंग्रजी नोंदीतून पूर्वजाचं मूळ गाव शोधताना

खडकीला इंग्रज सव्वाशे वर्षं 'किर्की' म्हणत राहिले. के-आय-आर-के-ई-ई. ज्या गावाच्या माळावर ५ नोव्हेंबर १८१७ ला पेशव्यांशी लढाई झाली, जिथे त्यांनी मोठी छावणी उभारली, त्याचंही नाव त्यांना धड लिहिता आलं नाही. मग कोकणातल्या एका वाडीतून गलबतात बसून मुंबईला आलेल्या, अंगठा उठवणाऱ्या एका गड्याचं गाव बंदरातल्या कारकुनाने कसं लिहिलं असेल?

असे कागद आज बऱ्याच घरांत आहेत. मॉरिशसमधल्या मराठी कुटुंबांकडे पणजोबा-खापरपणजोबांच्या आगमनाची नोंद असते. गोव्याच्या आणि रत्नागिरीच्या खलाशांचे विलायती जहाजांवरचे दाखले असतात. ब्रिटनमधल्या काही घरांत १८५१ नंतरच्या तिकडच्या खानेसुमारीचा उतारा असतो आणि जन्मठिकाणाच्या रकान्यात 'ईस्ट इंडीज' किंवा फार तर 'किर्की', 'पूना' असं एखादं नाव. सगळ्यांचा प्रश्न तोच असतो. या अक्षरांमागे खरं गाव कोणतं?

आधी एक भाबडी आशा मोडून टाकतो. आपल्याकडच्या जनगणनेत पूर्वजाचं नाव सापडेल असं अनेकांना वाटतं. ब्रिटनमध्ये शंभर वर्षांनी घराघराचे तक्ते खुले होतात, तसं इथे होत नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार व्यक्तीची माहिती कुणालाच पाहता येत नाही, आणि इंग्रजी अमदानीतल्या मोजणीतून आपल्यापर्यंत पोचले ते छापील आकडे. जनगणनेचा आपल्याला उपयोग आहे तो गावांच्या याद्यांपुरता, आणि तो भरपूर आहे. त्याकडे पुढे येऊ.

या लेखात मी मॉरिशसचं उदाहरण धरून चाललो आहे, कारण तिथल्या नोंदी तपशीलवार आहेत आणि चुकाही सगळ्या प्रकारच्या सापडतात. पद्धत बाकीच्या कागदांनाही लागू पडते.

टाइप केलेल्या नावावर विसंबू नका

तुमच्या हातात बहुधा एखाद्या काकांनी पाठवलेला वंशवृक्ष असतो, किंवा संगणकावरच्या सूचीतली एक ओळ. ती नक्कल आहे, कदाचित नकलेची नक्कल. पहिलं काम म्हणजे मूळ हस्तलिखित पानाचा फोटो मिळवणं, आणि तोही फक्त आपल्या ओळीचा नको, संपूर्ण पानाचा. शक्य झालं तर मागचं आणि पुढचं पानही.

मॉरिशसच्या गिरमिट्यांची, म्हणजे कराराने नेलेल्या मजुरांची, दफ्तरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख माणसं हिंदुस्थानातून त्या बेटावर उतरली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून गेली, मुंबईहून त्या मानाने थोडी. प्रत्येकाला एक क्रमांक मिळाला, आणि तो क्रमांक त्याच्या लग्नापासून मृत्यूपर्यंत कागदोपत्री मागे मागे येत राहिला. म्हणून नाव शोधण्याआधी क्रमांक शोधा. तुमच्या जन्मदाखल्यापासून एकेक पिढी मागे जात लग्नाचे, मृत्यूचे दाखले गोळा करत गेलात की कुठल्या तरी जुन्या दाखल्यावर तो भेटतो. नावं दहा तऱ्हांनी बदलतात, आकडा सहसा बदलत नाही.

क्रमांक मिळाला की त्या माणसाच्या जितक्या नोंदी निघतील तितक्या काढा. उतरताना केलेली नोंद, नंतरच्या ओळखपत्राची, १८६० च्या दशकापासून फोटोसह ठेवलेल्या वहीतली, लग्नाची. गावाचं नाव प्रत्येक ठिकाणी वेगळं लिहिलेलं दिसेल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. एकच चूक चार ठिकाणी उतरवलेली असण्यापेक्षा चार माणसांनी चार वेळा कान देऊन केलेल्या चार चुका फार कामाच्या, कारण चारींमध्ये जे समान आहे ते त्या माणसाच्या तोंडून खरोखर निघालेलं असण्याची शक्यता जास्त.

उंची, वय, अंगावरची खूण, बापाचं नाव हेही उतरवून घ्या. पुढे एकाच नावाची दोन माणसं समोर आली की हेच रकाने भांडण मिटवतात.

गावाआधी जिल्हा, आणि तोही तेव्हाचा

नोंदीत साधारण जिल्हा, परगणा आणि गाव असे तीन रकाने असतात. काहींत तिन्ही भरलेले, काहींत एकच. सगळेजण थेट गावाच्या रकान्यावर झडप घालतात. उलटं करा. जिल्ह्याचं नाव मोठं, कारकुनाच्या रोजच्या सवयीचं, म्हणून ते सर्वांत कमी चुकतं. फक्त ते आजच्या नकाशावर लावू नका.

'रत्नागिरी' म्हटलं की त्यात आजचा सिंधुदुर्गही आला. तो १ मे १९८१ ला वेगळा झाला. मात्र सावंतवाडी संस्थान तेव्हा वेगळं होतं आणि १९४८ मध्ये विलीन झालं. त्यामुळे कुणाच्या जिल्ह्याच्या रकान्यात 'सावंत वारी' असेल, तर शोध आंबोली-सावंतवाडी-कुडाळच्या बाजूला न्यायचा. वेंगुर्ले बंदर मात्र इंग्रजांनी १८१२ मध्येच सावंतांकडून घेतलेलं. 'ठाणा' म्हणजे आजचे ठाणे, पालघर आणि मुंबईची उपनगरं. 'नॉर्दर्न कोंकण' असेल तर ठाण्याकडे, 'सदर्न कोंकण' असेल तर रत्नागिरीकडे.

'कोलाबा' हा सर्वांत मोठा सापळा. मुंबईचं कुलाबा नव्हे, अलिबागसमोरच्या किल्ल्यावरून नाव पडलेला कुलाबा जिल्हा, जो १ जानेवारी १९८१ पासून रायगड झाला. पणजोबा दक्षिण मुंबईत जन्मले म्हणून सांगणारी, आणि प्रत्यक्षात माणगाव-महाडकडची असलेली घरं मला भेटली आहेत. मुरूड-जंजिऱ्याच्या बाजूला सिद्दीचं संस्थान होतं, तेही लक्षात ठेवा.

आणि 'बॉम्बे'. या शब्दाचे कागदावर तीन अर्थ होतात. मुंबई बेट, मुंबई इलाखा, आणि ज्या बंदरातून जहाज सुटलं ते बंदर. इलाखा म्हणजे सिंधपासून धारवाडपर्यंत. जन्मठिकाण 'बॉम्बे' असं असेल आणि दुसरा काहीच पुरावा नसेल, तर त्यातून काहीही सिद्ध होत नाही असं धरून पुढे चला.

काही जुनी नावं आज ओळखूच येत नाहीत. विजयदुर्गाला इंग्रज 'घेरिया' म्हणत, शेजारच्या गिर्ये गावावरून. बाणकोटचा किल्ला म्हणजे 'फोर्ट व्हिक्टोरिया'. सुवर्णदुर्गाचं 'सेव्हर्नड्रूग', वसईचं 'बसीन'. परगण्याच्या रकान्यात किल्ल्याचं नाव आलं तर दचकू नका. कोकणात बऱ्याच काळ तालुके किल्ल्यांच्या नावाने ओळखले जात. सुवर्णदुर्ग म्हणजे दापोलीचा पट्टा, अंजनवेल म्हणजे गुहागर-चिपळूणकडचा.

तोंड, कान, हात

आता खरी गंमत. कागदावरचं नाव चुकीचं आहे असं समजून ते 'सुधारायला' बसलात की फसलात. ते नाव म्हणजे एका माणसाने उच्चारलेला, दुसऱ्याने ऐकलेला आणि कदाचित तिसऱ्याने उतरवलेला आवाज आहे. प्रत्येक टप्प्यावर काय होतं ते कळलं की उलट चालत जाता येतं.

तोंडापासून सुरुवात करू. "कुठला रे तू?" असं विचारल्यावर कुणी गावाचं नाव प्रथमेत सांगत नाही. "वेंगुर्ल्याचा," "लांज्याचा," "साखरप्याचा" असं सांगतो. सामान्यरूपात शेवटचा 'ए' जाऊन 'आ' येतो. पुणे-पूना, ठाणे-ठाणा, वेंगुर्ले-वेंगुर्ला या जोड्या पाहा. त्यांचं कारण भाषाशास्त्रज्ञ काहीही सांगोत, शोधणाऱ्याने एवढं पक्कं धरावं की नोंदीतलं नाव 'आ'ने संपत असेल, तर 'ए'ने संपणारं गाव आधी तपासायचं. कोकणात अशी ए-कारान्त गावं पावलोपावली आहेत. एकूणच शेवटच्या स्वरावर विश्वास ठेवूच नका. आणि शेवटी 'चा' किंवा 'चो' चिकटलेलं दिसलं तर ते गावाचं नाव नसून षष्ठीचा प्रत्यय असू शकतो. 'चो' असेल तर बोलणारा मालवणी मुलखातला, ही फुकटची माहिती.

दुसरं, माणूस महसुली गाव सांगेलच असं नाही. तो वाडी सांगतो. आता मधलीवाडी, खालचीवाडी, गुरववाडी, कुंभारवाडी कोकणातल्या कुठल्या गावात नाहीत? गावाच्या रकान्यात 'मुडली वारी' आलं तर तुम्हाला गाव सापडलेलं नाही, गावातली बाजू सापडली आहे. काहीजण उलट करतात. परक्या माणसाला आपलं खेडं काय कळणार म्हणून जवळच्या बाजारपेठेचं नाव सांगतात. आपणही मुंबईत "चिपळूणचा" म्हणतो आणि घर तिथून पंधरा मैलांवर असतं.

मग कान. १८७० च्या दशकात हंटर नावाच्या अधिकाऱ्याच्या पद्धतीने स्पेलिंगं नियमित झाली. त्याआधीचा इंग्रज कानाला येईल तसं लिहायचा. ऱ्हस्व 'अ'साठी त्याला यू हे अक्षर सोयीचं वाटे. पंजाबच्या इंग्रजी नावात आजही ते आहे. म्हणून 'रुटनाघेरी' दिसलं तर रत्नागिरी आठवा. 'ऊ'साठी दोन ओ, 'ई'साठी दोन ई. गावातला 'व' नाकात जाऊन 'गाम' होतो. बेळगावचं बेलगाम झालं ते असंच, वडगावचं 'वरगाम' झालं तेही.

त्या वरगाममध्ये आणि किर्कीत एक समान गोष्ट आहे. दोन्हीकडे 'ड'चा 'र' झाला आहे. मराठीत दोन स्वरांमध्ये येणारा 'ड' जीभ उलटवून झटक्यात म्हटला जातो आणि युरोपी कानाला तो 'र'सारखा लागतो. पोर्तुगिजांनाही तसाच लागला. त्यांनी पेडण्याचं 'पेर्नेम' केलं. म्हणून वाडीचं 'वारी', गडाचं 'घुर'. नोंदीत 'र' दिसला की त्या जागी 'ड' ठेवून पाहायचं, ही एक युक्ती मला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळा उपयोगी पडली आहे.

महाप्राण तर सरसकट गळतात. ख, घ, ठ, ध, भ यांतला 'ह' कधी पडतो, कधी नको तिथे येतो. 'ळ'चा 'ल' होतो, 'ण'चा 'न'. 'व' कधी व्ही, कधी डब्ल्यू, कधी चक्क बी. चमच्यातला 'च' आणि चहातला 'च' इंग्रजीत वेगळे लिहायची सोय नाही, म्हणून पहिला टी-एस किंवा नुसता एस होऊन बसतो. 'जांभूळ'मधल्या 'ज'ला झेड मिळतो.

मॉरिशसच्या बाबतीत एक कान आणखी वाढतो. बेट १८१० पासून इंग्रजांचं, पण व्यवहारातली भाषा फ्रेंच आणि क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली तिथली बोली, राहिली. फ्रेंच वळणाचा कारकून 'श' लिहायला सी-एच वापरणार, 'उ' लिहायला ओ-यू, 'ज' लिहायला डी-जे, आणि 'ह' बहुतेक वेळा खाणार. त्यामुळे सी-एच दिसलं की 'च' आणि 'श' दोन्ही धरून दोन वेगळ्या याद्या करा. कुठली नोंद मुंबईत झाली आणि कुठली पोर्ट लुईत, हे माहीत असणं म्हणूनच महत्त्वाचं.

गोव्याच्या नोंदींना स्वतंत्र लेख लागेल. तूर्त एवढं पुरे की एक्स म्हणजे 'श', आणि शेवटचा एम उच्चारायचा नसतो, तो नुसता अनुनासिक आहे. साखळीचं 'सांकेलिम', केप्याचं 'केपेम'.

हातासाठी त्याच पानाकडे परत जा. त्या कारकुनाचं 'मुंबई' पाहा, 'मराठा' पाहा, महिन्यांची नावं पाहा. जे शब्द काय आहेत ते आपल्याला ठाऊक आहे, त्यांवरून त्याची एन आणि यू, ए आणि ओ, एल आणि टी, के आणि आर, एस आणि एल ही अक्षरं कशी निघतात त्याचा तक्ता करा. जुन्या हस्ताक्षरात दोन एस लागोपाठ आले तर पहिला एफसारखा लांब निघतो, त्याने नवखे लोक हटकून फसतात. हे काम कंटाळवाणं आहे. तरी एक दुपार द्याच.

सांगाडा

आता नावातले स्वर काढून टाका आणि व्यंजनं ठेवा. इंग्रजी आडनावांसाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत निघालेली साउंडेक्स नावाची युक्ती हेच करते. पण ती पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवते आणि आपल्याकडे घोळ पहिल्याच अक्षरात असतो. म्हणून आपली टोपली आपण विणायची.

माझी अशी आहे. क ख ग घ एका टोपलीत. च छ ज झ स श दुसरीत. ट ठ ड ढ त थ द ध आणि त्यांच्याच शेजारी र. प फ ब भ व एकत्र. न ण म आणि अनुस्वार एकत्र, कारण अनुस्वार कुठेही उगवतो आणि कुठेही मावळतो. ल ळ एकत्र, आणि र इथेही. 'ह' आणि 'य' यांना कुठेच जागा नाही, ते असले काय नि नसले काय.

हा सांगाडा घेऊन गावांच्या यादीला भिडायचं. जनगणनेची जिल्हावार गावयादी मोफत मिळते, ती संगणकातल्या तक्त्यात उतरवून घ्या आणि फक्त त्या जुन्या जिल्ह्यात बसणारे तालुके ठेवा. टपाल खात्याची पिनकोड यादीही घ्या, कारण तिच्यात महसुली गाव नसलेल्या ठिकाणांची शाखा-कार्यालयंही येतात. मग शोधखिडकीत व्यंजनांच्या मध्ये तारा (*) टाकून शोधा. यादी इंग्रजीतली असेल तर स्पेलिंग आजचं असतं, पण स्वर काढल्यावर त्याचा त्रास उरत नाही.

दहा-बारा गावं निघतील. निघू द्या. या टप्प्यावर एकही गाळायचं नाही.

नकाशे हवेतच. भारतीय सर्वेक्षण विभागाचे एकास पन्नास हजार प्रमाणाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवता येतात. अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात काढलेली एकास अडीच लाखाची मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने खुली ठेवली आहे. धरणं होण्याआधीची गावं त्यात बरीच दिसतात. कोयनेच्या शिवसागराखाली पाटण-जावळीतली गावं गेली आणि माणसं पार ठाणे-रायगडपर्यंत वसवली गेली. आज त्याच नावाची वसाहत तिसऱ्याच जिल्ह्यात सापडते आणि आपण तिथे जाऊन नारळ फोडून येतो.

जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा, ठाण्याचा १८८२ चा आणि कुलाबा-जंजिऱ्याचा १८८३ चा. शेवटच्या प्रकरणात प्रेक्षणीय आणि महत्त्वाची ठिकाणं अकारविल्हे दिलेली असतात. तुमचं खेडं त्यात बहुधा नसतं, पण शेजारचं बंदर, बाजार, घाट असतो. आणि गडी बंदरापर्यंत कोणत्या वाटेने गेला असेल याचा अंदाज त्यातून येतो.

'डाबूल'चं उदाहरण

समजा नोंदीत जिल्हा रत्नागिरी स्पष्ट आहे, परगण्याचा रकाना कोरा आहे आणि गाव लिहिलंय डी-ए-बी-ओ-ओ-एल. शंभरातले नव्वद जण म्हणतील, दाभोळ. दापोली तालुक्यातलं, वाशिष्ठीच्या मुखावरचं प्रसिद्ध बंदर. झालं, सापडलं.

इथेच थांबायचं. सांगाडा द-ब-ल. त्याच जुन्या जिल्ह्याच्या हद्दीत साखरप्याच्या बाजूला, संगमेश्वर तालुक्यात दाभोळे आहे. वेंगुर्ले तालुक्यात दाभोली आहे. जिल्ह्याचं बंधन सैल केलं तर गोव्यातलं, विमानतळामुळे ठाऊक झालेलं दाबोळीही रांगेत येतं. तिन्ही-चारही नावं एका गोंगाटाच्या कचेरीत ऐकली तर 'डाबूल'च ऐकू येतील.

शिवाय प्रसिद्ध नावाला एक वाईट खोड असते. ते आजूबाजूच्या लहान नावांना गिळतं. मुंबईच्या कारकुनाने दाभोळ बंदराचं नाव रोज ऐकलेलं, दाभोळे कधीच नाही. समोरचा "दाभोळ्याचा" म्हणाला तरी त्याचा हात सवयीने बंदराचं नाव लिहिणार. म्हणून कागदावर प्रसिद्ध ठिकाणाचं नाव जितकं स्वच्छ दिसेल, तितका मला अधिक संशय येतो. मुरूडचंही तेच. जंजिऱ्याचं मुरूड सगळ्यांना ठाऊक, पण दापोलीच्या किनाऱ्यावरही मुरूड आहे आणि तेही काही लहान नाही.

मग उकल कशी करायची? शेजाऱ्यांना विचारायचं, म्हणजे त्याच पानावरच्या. गडी एकेकटे जात नसत. एका भागातले चारपाच जण मुकादमाबरोबर निघत, एकाच जहाजात चढत, त्यांचे क्रमांकही लागोपाठ पडत. आपल्या माणसाच्या वरच्या आणि खालच्या दहा-दहा ओळी वाचा. तिथे 'देवरूख', 'साखरपा', 'संगमेश्वर' असं काही दिसलं तर पारडं दाभोळ्याकडे झुकलं. 'दापोली', 'हर्णै' दिसलं तर बंदराकडे. 'वेंगुर्ला', 'मालवण' दिसलं तर दाभोलीकडे. वर 'ठाणा' आणि खाली 'सातारा' अशी खिचडी असेल तर शेजारी निरुपयोगी, पण तसं पान मी तरी कमीच पाहिलंय.

संपूर्ण पानाचा फोटो मागा असं सुरुवातीला म्हटलं ते यासाठी.

घरात काय शिल्लक आहे

कागद संपले की माणसांकडे वळायचं. आधी आडनावाबद्दल. मॉरिशसमध्ये बऱ्याच मराठी घरांचं आडनाव म्हणजे पहिल्या पूर्वजाचं किंवा त्याच्या बापाचं नुसतं नाव असतं, त्यामुळे त्यातून गाव निघत नाही. ज्यांच्याकडे '-कर' उरलं आहे ते खूश होतात, पण त्यांनीही जरा सबुरीने घ्यावं. वेंगुर्ल्यात राहणाऱ्याला कुणी वेंगुर्लेकर म्हणत नाही, तो तिथून दुसरीकडे गेला की म्हणतात. म्हणजे '-कर' सांगतं घराणं त्याआधी कुठून उठलं होतं. पूर्वज जन्मला ते गाव त्याहून वेगळं असण्याचीच शक्यता जास्त.

देवाबद्दल विचारताना कुलदैवत आणि ग्रामदैवत वेगळं विचारा. कुलदैवत खंडोबा, जोतिबा किंवा तुळजाभवानी असं उत्तर आलं तर अर्धा महाराष्ट्र तुमच्या यादीत येतो. ग्रामदैवत मात्र बोलकं असतं. रवळनाथ, सातेरी, वेतोबा ही नावं सिंधुदुर्ग-गोव्याकडची. झोलाई, काळकाई, सोमजाई, वाघजाई ऐकलं की पाय आपोआप खेड-दापोली-महाडकडे वळतात. एखाद्या म्हातारीला देवाचं नाव नाही आठवत, पण गाऱ्हाण्यातला एखादा शब्द आठवतो. तोही टिपून ठेवा.

मॉरिशसच्या मराठी घरांत गणपतीपुढे 'झाकरी' नाचतात. ही आपल्याकडची जाखडी, रत्नागिरी-संगमेश्वर-चिपळूणकडची. सिंधुदुर्गात तेवढाच मान दशावताराला. अर्थात झाकरी आज तिथल्या साऱ्या समाजाची झाली आहे, म्हणून एका घराच्या बाबतीत तिला पुरावा मानू नका.

तीर्थोपाध्यायांच्या वह्यांकडे लोकांचं दुर्लक्ष होतं याचं मला आश्चर्य वाटतं. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, गोकर्ण इथल्या उपाध्यायांकडे गावावार आणि आडनावावार नामावळी असतात. तिथे "आमचं गाव कोणतं?" असं विचारून भागत नाही, कारण वही गावानेच उघडते. पण तुमच्याकडे तीन गावांची यादी असेल, तर तिन्ही वह्या उघडून पूर्वजाच्या बापाचं किंवा भावाचं नाव पाहता येतं. गेलेला माणूस स्वतः तिथे नसणार. मागे राहिलेला भाऊ असू शकतो, आणि त्याने कुटुंबाची नावं सांगताना 'परमुलखी गेला' अशा धाकट्याचंही नाव सांगितलेलं असू शकतं.

गावात गेल्यावर

आता यादीत एक किंवा दोन गावं उरली. तलाठ्याकडे जाऊन सातबारा मागण्याआधी थोडा विचार करा. १८५०-६० मध्ये गेलेला मजूर बहुधा जमिनीचा धनी नव्हताच. कोकणात खोती होती. जमीन खोताच्या नावावर आणि कसणारा कूळ. सविस्तर मोजणी आणि कुळांच्या नोंदी बऱ्याच ठिकाणी नंतर झाल्या. तेव्हा पूर्वजाचं नाव शोधू नका, त्याच्या मागे राहिलेल्या भाऊबंदांचं शोधा. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार आणि बोटखतं, म्हणजे खोती गावांच्या जमिनींच्या नोंदवह्या, असतात. गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्ममृत्यूच्या नोंदी मिळतात. जातीच्या दाखल्यांसाठी हीच वही लोक रोज काढून घेत असल्याने कारकुनांना ती चांगली माहीत असते. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने अभिलेख शासनाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर चढवलेले आहेत, तिकडे आधी डोकावून घ्या, एक खेप वाचेल. पानं मोडीत असतील. वाचणारा आधी ठरवून ठेवा, तिथे जाऊन शोधू नका.

गावात माणसं गाठायची तर आधी गुरव, मग मानकरी, मग सर्वांत म्हातारी बाई. पालखी कुठल्या घरापुढे थांबते, देवळात पहिला नारळ कुणाचा, कुठल्या घराची जागा ओसाड पडून आहे आणि तिला काय म्हणतात, हे विचारा. ओसाड जोत्यांना कोकणात नावं असतात आणि ती शंभर-दीडशे वर्षं टिकतात.

एक पथ्य पाळा. तुमच्या मनातलं नाव आधी सांगू नका. "आमचे पणजोबा धोंडू, तुमच्याकडचेच ना?" असं विचारलंत तर यजमान नाही म्हणणार नाही, पाहुण्याला दुखवायचं कसं? आमच्याच घरी हे झालं. आजोबांच्या गिरणीतल्या कागदावरच्या एका वेड्यावाकड्या नावावरून आम्ही एका गावात गेलो, जेवलो, ओटी भरून घेतली, आणि दोन वर्षांनी कळलं की ते गाव आपलं नाहीच. ज्यांनी जेवू घातलं त्यांच्याशी अजून जाणं-येणं आहे, ते वेगळं. म्हणून विचारायचं ते असं: "इथून बोटीने कुणी लांब गेल्याचं ऐकलंय का? कुठल्या घरातलं?" नाव त्यांच्या तोंडून येऊ द्या.

सगळं जुळलं तरी वंशवृक्षात नुसतं 'दाभोळे' असं लिहू नका. कागदावरची मूळ अक्षरं जशीच्या तशी लिहा, त्यापुढे आपण लावलेलं गाव, तालुका आणि जिल्हा लिहा, आणि कशावरून लावलं तेही: 'पानावरचे शेजारी देवरूखचे, नामावळीत भावाचं नाव, दाभोळ आणि दाभोली तपासून सोडली.' सोडलेल्या गावांची नोंद पुढच्या पिढीच्या फार कामाची. नाही तर तीस वर्षांनी तुमची नात तेच दाभोळ बंदर नव्याने शोधून काढेल.

जायचं तर शिमग्यात जा. गणपतीत चाकरमानी असतात, घरं भरलेली असतात, पण कुणाला बोलायला वेळ नसतो. शिमग्यात पालखी दारोदार फिरते, माणसं अंगणात निवांत बसलेली असतात, आणि कुठलं घर कुणाचं हे पालखीच्या मागून चालताना न विचारता कळतं.